पहिलाच सीएसआर करताय? चेक लिहिण्याआधी गावात जाऊन या

ताळेबंदावर सह्या चालू असतात. नफा चांगला झालाय म्हणून पेढे आलेले असतात. तेवढ्यात सीए म्हणतात, "साहेब, यंदापासून आपल्याला सीएसआर लागू झाला बरं का." सीएसआर म्हणजे नफ्यातला ठरावीक हिस्सा समाजाच्या कामावर खर्च करायची कंपनीवरची कायदेशीर जबाबदारी. मग केबिनमधला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती?" आणि लगेच दुसरा: "कुणाला देऊन टाकायचे?"

गेली बारा वर्षं मी एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांबरोबर हे काम करतोय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या तासात मिळतं. दुसरा प्रश्न मात्र चुकीच्या ठिकाणाहून सुरू होतो. 'देऊन टाकायचे' असं म्हटलं की पैसे खरोखरच टाकले जातात. त्याचं काय झालं हे पाहायला मग कुणी जात नाही. हा लेख आहे पहिल्यांदा या फेऱ्यात आलेल्या मालकांसाठी, संचालकांसाठी आणि एचआर किंवा अकाउंट्स सांभाळता सांभाळता सीएसआरचीही फाइल हातात आलेल्या मंडळींसाठी.

आकडा आधी काढून घ्या

कंपनी कायदा 2013 मधलं कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीची नेटवर्थ (भागभांडवल आणि साठलेला नफा मिळून) 500 कोटी किंवा जास्त, उलाढाल 1000 कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा 5 कोटी किंवा जास्त, यांतलं एक जरी बसलं तरी कंपनी कक्षेत येते. मध्यम कंपन्या बहुतेक वेळा तिसऱ्या अटीने आत येतात.

खर्च करायचा तो मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के. इथे नफा म्हणजे कलम 198 प्रमाणे काढलेला, आयकर वजा करण्याआधीचा. समजा तुमचा नफा 2022-23 मध्ये 3 कोटी, 2023-24 मध्ये 4 कोटी आणि 2024-25 मध्ये 8 कोटी झाला. सरासरी 5 कोटी. म्हणजे 2025-26 मध्ये 10 लाख रुपये खर्च करायचे. पुष्कळ मालक शेवटच्या वर्षाच्या 8 कोटींवर 2 टक्के काढून 16 लाखांचा आकडा धरून बसतात आणि उगाच धसका घेतात. सरासरी काढा, मग बोला.

हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून आयकरात वजा मिळत नाही, हेही सुरुवातीलाच समजून घ्या. आणि कायद्यातले आकडे, मुदती बदलत असतात. माझ्या लेखावर विसंबून सही करू नका, त्या त्या वर्षी कंपनी सेक्रेटरीकडून ताजी स्थिती विचारून घ्या.

रक्कम 50 लाखांच्या आत असेल आणि आधीची न खर्चलेली सीएसआर रक्कम वेगळ्या खात्यात शिल्लक नसेल, तर वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, ते काम बोर्डच करतं. घरच्या कंपनीत दोन-तीनच संचालक असतात, त्यांना ही मोठी सवलत आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की जबाबदारी ढकलायला कुणी उरत नाही.

काय चालतं, काय नाही

कायद्याच्या सातव्या परिशिष्टात विषयांची यादी आहे: आरोग्य, कुपोषण, स्वच्छता, पिण्याचं पाणी, शिक्षण, रोजगाराची कौशल्यं, स्त्रियांचं सक्षमीकरण, पर्यावरण, वारसा जतन, माजी सैनिक, ग्रामीण खेळ, ग्रामविकास, झोपडपट्टी विकास, आपत्ती निवारण वगैरे. यादी ऐसपैस आहे. विषय बसवायला फारसा त्रास होत नाही.

त्रास होतो तो काय बसत नाही याच्यात. फक्त आपल्या कामगारांना किंवा त्यांच्या कुटुंबांना फायदा होईल असं काम बसत नाही. राजकीय पक्षाला दिलेली देणगी बसत नाही. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेली प्रायोजकी बसत नाही. एका दिवसाची मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा, टीव्हीवरच्या कार्यक्रमाला दिलेले पैसे यांनाही सीएसआर म्हणता येत नाही. ऑफिसातले जुने कॉम्प्युटर शाळेला दिले तर फार चांगलं केलंत, पण त्यांची किंमत लावून ती खर्चात धरता येत नाही. कर्मचाऱ्यांनी श्रमदान केलं तर तेही पैशात मोजता येत नाही.

आणि दुसऱ्या कायद्याने जे करायलाच हवं ते सीएसआरमध्ये येत नाही. यावर जरा थांबतो, कारण कंपनीचा प्रमुख कसा आहे हे मला इथेच कळतं.

फाटकाच्या आत काय चाललंय?

एका गावात आम्ही वृक्षारोपणाचं बोलायला गेलो होतो. चावडीवर बसलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "झाडं लावा की. पण तुमच्या मागच्या नाल्याला पावसाळ्यात फेस येतो, त्याचं काय?" आमच्यातल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं. सांडपाणी प्रक्रिया हा प्रदूषण नियंत्रणाच्या परवानगीचा भाग आहे. त्याचा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही आणि दाखवूही नये. पण गावाच्या लेखी तुमची सामाजिक जबाबदारी त्या नाल्यापासून सुरू होते.

म्हणून गावात जाण्याआधी प्रमुखाने एक दिवस स्वतःच्या कारखान्यात फिरावं. कंत्राटी कामगारांचा पीएफ वेळेवर भरला जातो का? शिफ्टमधल्या बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, की त्यांना दुसऱ्या शेडपर्यंत चालत जावं लागतं? हेल्मेट, सेफ्टी शूज कंत्राटदाराच्या माणसांनाही मिळतात का? ही माणसं आजूबाजूच्या गावांतूनच येतात. संध्याकाळी घरी जाऊन ती तुमच्या कंपनीबद्दल जे बोलतात, तेच गावात तुमच्या आधी पोचलेलं असतं.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला तेव्हा सीएसआर हा शब्दच नव्हता. पण किर्लोस्करवाडी वसवताना त्यांनी अस्पृश्यता पाळायची नाही असं ठरवलं आणि ते पाळून दाखवलं. त्याला 2 टक्क्यांचं बजेट लागलं नव्हतं. मालकाने एक गोष्ट ठरवली होती, आणि ती ठरवायला मालकच लागतो.

प्रमुखाचं काम, जे दुसरा कुणी करू शकत नाही

सीएसआर मॅनेजर नेमता येतो. सल्लागार मिळतो, अहवाल लिहून देणारे मिळतात. तरी तीन गोष्टी अशा आहेत ज्या मालकाने किंवा एमडीने स्वतः केल्या नाहीत तर होत नाहीत.

पहिली म्हणजे नाही म्हणणं. सीएसआर लागू झाल्याची बातमी आठवड्याभरात पसरते. मेव्हण्यांची संस्था असते, आमदारांच्या माणसाचा फोन येतो, गणेश मंडळाची पावती पुस्तकं येतात, एखाद्या ग्राहकाच्या पत्नीचा ट्रस्ट निघतो. मॅनेजर बिचारा यांना काय सांगणार? माझ्या एका एमडींनी एक वाक्य ठरवून घेतलं होतं, ते मी सगळ्यांना देतो: "आमचा वर्षाचा आराखडा बोर्डाने एप्रिलमध्येच मंजूर केलाय. त्याच्या बाहेर मला जाता येत नाही. मंडळाची वर्गणी मी माझ्या खिशातून देतो." या वाक्यात कुणाचा अपमान नाही आणि ते खरंही आहे, कारण कायद्यात वार्षिक कृती आराखडा बोर्डाने मंजूर करायचा असतोच. मेव्हण्यांची संस्था खरोखर चांगली असेल तर? तर तिलाही बाकीच्यांसारखीच सगळी कागदपत्रं मागा, आणि ठरावाच्या वेळी नातं बोर्डापुढे उघड सांगा.

दुसरी गोष्ट वेळ. वर्षातून चार दिवस द्या. चार तासांच्या भेटी नाही म्हणत मी, पूर्ण चार दिवस. त्यातला एक उद्घाटनाचा धरू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड: वाईट बातमी ऐकून घेणं. 'सर, काम जमलं नाही' असं मॅनेजरला निर्भयपणे सांगता आलं पाहिजे. ज्या कंपनीत ते सांगता येत नाही तिथले अहवाल फार देखणे असतात.

गावात जाताना

आता मुख्य काम. कायदाही सांगतो की कंपनीच्या आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्या. तुमच्या फाटकापासून दहा-पंधरा किलोमीटरमधली गावं किंवा वस्त्या निवडा. 10 लाखांत दहा गावं करू नका. एक गाव, फार तर दोन.

मी हे कसं शिकलो ते सांगतो. या कामातलं माझं दुसरं वर्ष होतं. आठशे-नऊशे वस्तीचं गाव, सातवीपर्यंतची झेडपी शाळा. आम्ही शाळेला पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन दिलं. का दिलं? शेजारच्या कंपनीने दिलं होतं आणि विक्रेत्याने बसवून देण्यासकट चांगलं कोटेशन दिलं होतं म्हणून. फीत कापली, मुलांनी स्वागतगीत म्हटलं, फोटो वार्षिक अहवालात छापून आला.

पुढच्या दिवाळीनंतर एमडी म्हणाले, चला, बघून येऊ. वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात मशीन होतं. त्यावर जुना फ्लेक्स झाकलेला, आणि फ्लेक्सवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मुख्याध्यापिका बाई कसनुशा झाल्या. म्हणाल्या, "सर, मशीन चांगलंय हो. पण फिल्टर बदलायला पाच-सहा हजार लागतात. शाळेला जे वर्षाचे पैसे येतात त्यात खडूपासून रंगापर्यंत सगळं भागवायचं. विजेचं बिलच थकलंय."

मी गप्प झालो. मला वाटलं आता साहेब चिडणार. ते चपला काढून वऱ्हांड्यात खालीच बसले. शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन-तीन आया तिथे आल्या होत्या, त्यांना म्हणाले, "ताई, आमचं चुकलं असेल. तुम्ही सांगा, पोरांना काय पाहिजे?" बराच वेळ कुणी बोलेना. मग एक जण पदर सावरत म्हणाली, "साहेब, माझी पोरगी शाळेत पाणीच पीत नाही. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी आणते. संडासात पाणी नाही ना. पाणी प्यालं की जायला लागतं."

पाण्याचं मशीन आम्ही अशा शाळेत बसवलं होतं जिथे मुली मुद्दाम पाणी पीत नव्हत्या.

तो संडास आम्ही उद्घाटनाच्या दिवशीही पाहिला होता. बाहेरून रंगवलेला होता, कडीला कुलूप होतं. कुलूप का आहे, हे कुणी विचारलं नाही. तेव्हापासून मी शाळेत गेलो की आधी संडासाचं दार उघडून बघतो आणि नळ सोडतो. तुम्हीही तेच करा. शाळेची खरी अवस्था मुख्याध्यापकांच्या खोलीत कळत नाही.

तर जाण्याची पद्धत अशी. पहिल्या भेटीला कॅमेरा, बॅनर, पुष्पगुच्छ काही नको. गाडी गावाबाहेर लावून चालत जा. सरपंचांना भेटणं रीतीचं आहे, आधी त्यांना भेटा, पण तिथेच थांबू नका. अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटाच्या बायका, हापशावर पाणी भरणाऱ्या मुली, दलित वस्ती, पारध्यांचा किंवा ठाकरांचा पाडा गावाच्या कडेला असेल तर तिथले लोक, आणि रोज एमआयडीसीला येणारी पोरं, या सगळ्यांशी बोला. आशाताईंना घरटी माहिती असते: कुणाच्या घरात बाळंतपण आहे, कुणाचं मूल कमी वजनाचं आहे. सल्लागाराच्या तीन महिन्यांच्या सर्व्हेत जे येत नाही ते त्या चहा होईपर्यंत सांगतात.

'तुम्हाला काय पाहिजे?' हा प्रश्न विचारू नका, असं मी आता सांगतो. त्या दिवशी साहेबांनी तो विचारला आणि एका आईने धीर केला म्हणून उत्तर मिळालं. एरवी या प्रश्नाला सभामंडप, कमान आणि पेव्हर ब्लॉक ही तीनच उत्तरं येतात, तीही मोठ्या आवाजाच्या माणसांकडून. त्याऐवजी दिवस विचारा. सकाळी उठल्यापासून काय काय करता? पाणी कुठून आणता, किती फेऱ्या? उन्हाळ्यात तीच विहीर का? मूल आजारी पडलं तर रात्री कुठे नेता, कशाने? कालचा दिवस सांगायला कुणालाच अवघड जात नाही, आणि अडचण त्यातून आपोआप बाहेर येते.

मग ग्रामसभा. आपल्याकडे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा घेण्याची रीत आहे. तुमचं ठरत आलेलं काम 1 मेच्या सभेत मांडू द्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) ठरावाची प्रत घ्या. त्या ठरावात दोन गोष्टी असल्याच पाहिजेत: काम झाल्यावर ते कुणाच्या ताब्यात राहील, आणि वीजबिल, दुरुस्ती, देखभाल कोण करेल. दुसरी ओळ नसेल तर कामच सुरू करू नका, इतकं मी यावर ठाम आहे.

संस्था निवडताना

काम कंपनी स्वतः करू शकते किंवा संस्थेमार्फत. छोट्या कंपनीने चांगली संस्था शोधणं शहाणपणाचं. संस्था म्हणजे कलम 8 खालची (नफा न वाटणारी) कंपनी, नोंदणीकृत सार्वजनिक न्यास किंवा सोसायटी. ती तुमची स्वतःची नसेल तर त्या प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. 1 एप्रिल 2021 पासून अशा संस्थेला सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो क्रमांक, आयकर विभागाची 12ए आणि 80जी ची प्रमाणपत्रं, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेची माहिती मिळते का पाहा.

कागद पुरे झाले की संस्थेचं जुनं काम बघायला जा. 'सध्या चालू असलेलं' दाखवतील. तुम्ही तीन-चार वर्षांपूर्वी संपलेलं दाखवा म्हणा. तो बंधारा अजून पाणी धरतो का? त्या शिवणकाम वर्गातल्या किती जणींचं मशीन आज चालू आहे? चांगली संस्था हसून गाडीत बसते आणि वाटेतच सांगते की दोन बंधारे फुटले होते, का फुटले होते.

टिकून राहणं काय असतं ते पाहायचं तर उरळी कांचनला जा. मणिभाई देसाई गांधीजींच्या सांगण्यावरून निसर्गोपचार आश्रमासाठी 1946 मध्ये तिथे राहिले, लोकांच्या शेती-गुरांचे प्रश्न पाहत राहिले, आणि 1967 मध्ये बाएफ या ग्रामविकास संस्थेची स्थापना झाली. इतकी वर्षं एका गावात पाय रोवल्यावर संस्था उभी राहिली. तुमची संस्था एवढी मोठी असायची गरज नाही. पण तिचा निदान एक कार्यकर्ता त्या तालुक्यात राहणारा असावा.

आता पैशाची एक घासाघीस, जी मला मनापासून खटकते. मालक विचारतात, "पगारावर एवढे का? सगळे पैसे लाभार्थ्यांपर्यंत जाऊ देत." नियमांत प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरं. पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. गावात जाऊन काम करणाऱ्या ताईचं मानधन, तिचं पेट्रोल, प्रशिक्षण, देखरेख हा त्या प्रकल्पाचाच खर्च आहे. किशोरवयीन मुलींशी पाळीबद्दल बोलणारी, त्यांच्या आयांना विश्वासात घेणारी कार्यकर्ती हाच तो प्रकल्प असतो. तिला द्यायला पैसे नाहीत आणि सॅनिटरी पॅडच्या पेट्या मात्र उतरवल्या, असं करू नका.

करार आणि हप्ते

सामंजस्य करार दोन-तीन पानांचा पुरे, पण मराठीत असू द्या. संस्थेच्या कार्यकर्त्याला आणि सरपंचांना तो वाचता आला पाहिजे. काय करायचं, कधीपर्यंत, हप्ते कधी, बिलं कुणाच्या नावावर, उभी राहिलेली मालमत्ता कुणाची. ही शेवटची बाब महत्त्वाची. सीएसआरमधून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे जाते.

10 लाखांचं काम असेल तर मी 40-40-20 करतो. शेवटचा हप्ता काम पाहून. संस्थेच्या खात्यात पैसे पाठवले म्हणजे ते खर्च झाले असं होत नाही. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले तरच ते खर्चात धरले जातात. म्हणून पैसे कशावर खर्च झाले ते सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर घ्या. पैसे ठरल्या कामासाठीच वापरले गेले, याची खातरजमा बोर्डाला करायची असते आणि तसं प्रमाणपत्र वित्त विभागाच्या प्रमुखाला द्यावं लागतं.

कॅलेंडर: इथे सगळे अडकतात

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि सीएसआरची आठवण जानेवारीत होते. फेब्रुवारीत कोटेशनं, मार्चमध्ये संस्थांना फोनवर फोन. 31 मार्चच्या आधी पैसे घ्या म्हणून कंपन्या मागे लागतात आणि संस्था नको म्हणू शकत नाहीत. अशा घाईत दप्तरं, ब्लँकेटं आणि बाक वाटले जातात.

गावाचं वर्ष वेगळं चालतं. पाण्याची, मातीची, खोदाईची कामं जानेवारी ते मे मध्येच होतात, पाऊस पडला की मशीन शेतात जात नाही. शाळेची दुरुस्ती करायची तर मेची सुट्टी धरा. शिष्यवृत्ती, वह्या, सायकली द्यायच्या तर जूनमध्ये शाळा उघडताना द्या. मार्चमध्ये दिलेली सायकल म्हणजे परीक्षा संपल्यावर दिलेली सायकल. झाडं जून-जुलैत, आणि तीन उन्हाळे पाणी घालायची सोय असेल तरच. आरोग्य शिबिर पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत घेतलं तर फक्त म्हातारी माणसं येतील.

हे जुळवायचं तर आराखडा एप्रिलमध्ये बोर्डापुढे गेला पाहिजे. म्हणजे गावातल्या भेटी त्याच्या आधी, हिवाळ्यात.

काम एका वर्षात बसत नसेल तर बोर्डाने त्याला 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी द्यावी. असा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालू शकतो. त्यातली न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत, म्हणजे 30 एप्रिलपर्यंत, त्यासाठीच्या वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि तीन आर्थिक वर्षांत वापरायची. प्रकल्प चालू प्रकारचा नसेल तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत, 30 सप्टेंबरपर्यंत, सातव्या परिशिष्टात नाव दिलेल्या एखाद्या निधीत भरायची. हे केलं नाही तर दंड आहे: कंपनीला भरायच्या राहिलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा 1 कोटी, यांतलं जे कमी असेल ते, जबाबदार अधिकाऱ्याला रकमेचा दहावा हिस्सा किंवा 2 लाख, जे कमी असेल ते. उलट एखाद्या वर्षी जास्त खर्च झाला, तर तो पुढच्या तीन वर्षांत वळता करून घेता येतो.

मला विचाराल तर पहिल्याच वर्षी एक छोटं काम चालू प्रकल्प म्हणून तीन वर्षांसाठी हाती घ्या. मार्चची धास्ती त्याने निम्मी होते.

अहवालाबद्दल थोडक्यात: संचालकांच्या अहवालाला सीएसआरचं जोडपत्र, सीएसआर-2 फॉर्म, आणि संकेतस्थळ असेल तर त्यावर धोरण आणि मंजूर प्रकल्प. हे कंपनी सेक्रेटरी करून देतात. परिणाम मूल्यमापनाची सक्ती सरासरी 10 कोटी किंवा जास्त सीएसआर असणाऱ्या कंपन्यांना आहे, तुम्हाला नाही. पण वर्षाने जाऊन स्वतः बघा, वहीत लिहा. मी तीन प्रश्न लिहितो: वस्तू चालू आहे का, कोण वापरतंय, आणि कोण वापरत नाहीये. तिसऱ्या प्रश्नासाठी मुद्दाम वस्तीवर जावं लागतं.

पाटी कुठे लावायची

कंपनीच्या नावाची पाटी लावायला हरकत नाही, पण लहान लावा. एका शाळेत खोलीच्या खिडकीवर देणगीदाराचा फ्लेक्स ताणून बांधला होता आणि आत मुलं अंधारात बसली होती. मुलांना रांगेत उभं करून हातात बिस्किटाचा पुडा देताना फोटो काढू नका. आपल्या मुलाचा असा फोटो कुणी काढलेला चालेल का, एवढंच स्वतःला विचारा. पाटीवर कंपनीच्या नावापेक्षा काम किती रुपयांचं, कुणी केलं, दुरुस्तीसाठी कुणाला सांगायचं, हे लिहा. लोक ते वाचतात.

त्या शाळेचं पुढे काय झालं

त्या दिवशी वऱ्हांड्यातून उठल्यावर साहेबांनी पुढच्या बोर्ड मीटिंगच्या विषयपत्रिकेत एक ओळ टाकायला सांगितली: 'मागील वर्षीच्या कामातील चूक'. स्वतः उभं राहून त्यांनी ती मांडली. मशीन गावातल्या आरोग्य उपकेंद्राला दिलं, तिथे ते चाललं. पुढच्या वर्षी शाळेत ग्रामपंचायतीच्या टाकीपासून पाइप, एक हजार लिटरची टाकी, मुलींच्या संडासात नळ, दाराला आतून कडी, आणि वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचा डबा. मशीनला लागले होते त्याच्या निम्म्यात झालं. वीजबिलाचा ठराव ग्रामसभेने केला. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: नळ बिघडला तर प्लंबरचा नंबर, आणि पैसे कोणत्या खात्यातून.

गेल्या डिसेंबरात न सांगता गेलो होतो. सवयीने संडासाचं दार उघडलं, नळ सोडला. पाणी आलं, पण बंद केल्यावर थेंब गळत होता. मागे सातवीतली एक मुलगी उभी होती, हातात अर्धी रिकामी बाटली. म्हणाली, "वायसर गेलाय, दादा. प्लंबरकाकांना केलाय फोन, उद्या येतायत."